कार्बनची जन्मकथा

चुलीतील कोळसा, पेन्सिलीत ज्याला आपण शिसे म्हणतो तो पदार्थ, उसातील साखर आणि आपले स्वतःचे शरीर, या सर्वांत कार्बन हे मूलद्रव्य आहे. हा कार्बन पृथ्वीवर निर्माण झाला नाही, तो ताऱ्यांच्या पोटात घडला, असे शास्त्रज्ञ सांगतात. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला येथे एक साधा प्रश्न पडतो : ताऱ्याच्या पोटात कोणी शिरले नसताना हे कळले कसे? इतिहासात आपण पुराव्याशिवाय विधान मान्य करीत नाही. तोच नियम येथे लावून पाहू.

मूलद्रव्याची ओळख त्याच्या अणुकेंद्रकातील प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. हायड्रोजनमध्ये एक, हेलियममध्ये दोन, कार्बनमध्ये सहा. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमानाला हायड्रोजनच्या चार केंद्रकांपासून टप्प्याटप्प्याने हेलियमचे एक केंद्रक बनते. या व्यवहारात सुमारे ०.७ टक्के वस्तुमान घटते व त्याची ऊर्जा होते. आपल्या अंगणात पडणारे ऊन ते हेच.

पुढची पायरी मात्र अवघड आहे. हेलियमची दोन केंद्रके जुळली तर बेरिलियम-८ बनते, पण ते जन्मताच फुटते. तेवढ्या निमिषमात्रात तिसरे हेलियम येऊन आदळले तरच कार्बन होणार. १९५२ साली एडविन साल्पीटर यांनी हा मार्ग मांडला. परंतु फ्रेड हॉईल यांनी गणित केले तेव्हा दिसून आले की, या गतीने विश्वात आढळतो तेवढा कार्बन तयार होणे शक्य नाही.

येथे हॉईल यांनी उलट दिशेने विचार केला. कार्बन तर विपुल आहे. तेव्हा त्याच्या केंद्रकाला सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेची एक उत्तेजित अवस्था असलीच पाहिजे. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला म्हणजे थोड्या जोरानेही तो उंच जातो. त्याचप्रमाणे बेरिलियम व हेलियम यांची एकत्रित ऊर्जा या अवस्थेशी जुळली म्हणजे त्यांचा संयोग कित्येक पटींनी सुलभ होतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत विल्यम फौलर यांना प्रथम हे पटले नाही. तरी १९५३ साली तेथील वॉर्ड व्हेलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, आणि ती अवस्था अपेक्षित जागीच सापडली!

दुसरी साक्ष आकाशातून आली. टेक्नेशियम हे मूलद्रव्य अस्थिर आहे. त्याचा सर्वांत टिकाऊ प्रकारही सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मा उरतो. १९५२ साली पॉल मेरिल यांना काही वृद्ध ताऱ्यांच्या वर्णपटात त्याच्या रेषा आढळल्या. ताऱ्याचे वय याहून कितीतरी अधिक, म्हणजे हे मूलद्रव्य त्याने जन्मतः आणलेले नव्हे. ते तेथेच घडत होते.

१९५७ साली मार्गारेट व जेफ्री बर्बिज, फौलर आणि हॉईल या चौघांनी हा सर्व हिशेब एका विस्तृत निबंधात मांडला. संमीलनातून ऊर्जा मिळते ती लोखंडाच्या आसपासपर्यंतच. त्यापुढील बहुतेक जड मूलद्रव्ये केंद्रकांनी न्यूट्रॉन गिळल्यामुळे बनतात. सोन्यासारखी मूलद्रव्ये न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतही घडतात, याला १७ ऑगस्ट २०१७ रोजी दिसलेल्या टकरीने बळकटी दिली. फौलर यांना १९८३ साली सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले; हॉईल यांना मात्र ते मिळाले नाही. हॉईल यांचे शिष्य, कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी खगोलविज्ञान मराठीत आणले, म्हणून आपल्यासारख्यांनाही या विषयाचे दार उघडे झाले.

प्रयोगशाळेतील यंत्राला ताऱ्यांची खबर नव्हती आणि ताऱ्याला हॉईल यांच्या गणिताची. परस्परांशी संबंध नसलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती मान्य करावी लागते. ताम्रपट आणि परकी प्रवाशाचे वर्णन जुळते तेव्हा इतिहासकारही हेच करतो. म्हणून विज्ञान हा आपला प्रांत नव्हे, असे कलाशाखेच्या विद्यार्थ्याने म्हणू नये. पुरावा तपासण्याची विद्या दोन्हीकडे एकच आहे.