रुई आणि चेहरा : उद्योगसंस्थांच्या माहितीपटातील छायालेखकाचे कार्य

छायालेखक हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचा स्टुडिओ, नटनट्या आणि दिव्यांचा झगमगाट उभा राहतो. परंतु या झगमगाटापासून दूर राहून काम करणाऱ्या छायालेखकांचाही एक मोठा वर्ग आहे. एखादा कारखाना, सहकारी दूध संघ, पतसंस्था, रुग्णालय किंवा बियाण्यांची कंपनी आपल्या कामाची ओळख करून देण्यासाठी पाच-दहा मिनिटांचा माहितीपट तयार करून घेते. तो भागधारकांच्या सभेत दाखवला जातो, नव्या गिऱ्हाइकाला दाखवला जातो, कर्ज देणाऱ्या बँकेला दाखवला जातो आणि नव्याने लागलेल्या कामगारांनाही दाखवला जातो. अशा पटाला आज सर्रास ‘कॉर्पोरेट व्हिडिओ’ म्हणतात. अशा पटात छायालेखकाचे कार्य नेमके कोणते, आणि ‘मालक सांगेल ते टिपणे’ एवढ्यावरच ते संपते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिला धडा फाळक्यांचा

हा प्रकार आपल्याकडे परदेशातून अलीकडे आला असा समज आहे. वस्तुतः त्याचे मूळ आपल्याच मातीत शोधता येते. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले तेव्हा त्यांच्याजवळ कॅमेरा होता, विद्या होती, परंतु भांडवल नव्हते. चलच्चित्र म्हणजे काय हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्याकडून पैसा मिळवायचा कसा? फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर स्थिर ठेवला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर दाण्यातून कोंब फुटून त्याचा वेल होताना दिसू लागला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही छोटीशी फिल्म त्यांनी निवडक मंडळींना दाखवली. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे गृहस्थ कर्ज देण्यास पुढे आले आणि त्यातूनच १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला.

या प्रसंगाकडे आपण चित्रपटाच्या इतिहासातील गोष्ट म्हणून पाहतो. पण उद्योगपटाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात या कलेचा सारा अर्थ आला आहे. फाळक्यांनी आपल्या योजनेवर भाषण दिले नाही, स्वतःचा चेहराही दाखवला नाही. त्यांनी काम होताना दाखवले. भांडवलदाराचा विश्वास बसला तो त्या वाढणाऱ्या कोंबावर.

‘राजा हरिश्चंद्र’चा कॅमेरा फाळक्यांनीच शिकवून तयार केलेल्या त्र्यंबक तेलंग यांनी चालवला. कथापटांच्या बरोबरीने फाळक्यांनी लघुपटही केले आणि त्यात तळेगावच्या काच कारखान्यावरील लघुपटाचा समावेश होतो. हा कारखाना पैसा फंडाचा. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या निधीतून तो १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे सुरू झाला. म्हणजे मराठी मुलखातील अगदी आरंभीच्या उद्योगपटांपैकी एक लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कारखान्यावर होता. या गोष्टीकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

निर्मितीतील त्याचे स्थान

उद्योगपटाच्या निर्मितीत अनेकांचे हात असतात. संस्था पैसा देते आणि काय सांगायचे ते ठरवते. लेखक संहिता लिहितो, दिग्दर्शक तिचे दृश्यांत रूपांतर करतो, ध्वनिमुद्रक आवाज घेतो आणि संकलक सर्व तुकडे जुळवतो. छायालेखकाकडे प्रकाश, भिंग, कॅमेऱ्याची जागा आणि चौकट यांची जबाबदारी असते. लहान गावात मात्र दोघा-तिघांचेच पथक असते आणि दिग्दर्शन, छायालेखन व संकलन एकाच माणसाच्या गळ्यात पडते.

त्याचे काम चित्रणाच्या दिवशी सुरू होत नाही. आधी जागेची पाहणी करावी लागते. कोणत्या दारातून किती वाजता ऊन आत येते, यंत्राजवळ उभे राहण्यास सुरक्षित जागा कोणती, वीज कोठून घ्यायची, पाळी केव्हा बदलते, या गोष्टी त्याने टिपून ठेवायच्या असतात. फिल्मच्या काळात ही पाहणी पैशाच्या दृष्टीनेही अनिवार्य होती. ३५ मिलिमीटरची १००० फूट फिल्म सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने सुमारे अकरा मिनिटांत संपत असे. त्यामुळे छायालेखक आधी पाहत असे आणि मग बटण दाबत असे. आज अंकीय कॅमेऱ्याने दिवसभर चित्रण केले तरी फिल्मचा खर्च येत नाही. त्यामुळे आधी पाहण्याची सवय सुटण्याचा धोका मात्र वाढला आहे.

कारखान्यातील प्रकाश हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दारातून येणारे ऊन निळसर, पिवळ्या दिव्याचा उजेड तांबूस. दोन्ही एका चौकटीत आले तर माणसाच्या त्वचेचा रंग बिघडतो. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्यामुळे साध्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीअधिक होतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. म्हणून सेकंदाला २५ चित्रे घेऊन प्रत्येक चित्र एक पन्नासांश सेकंद उघडे ठेवण्याची पद्धत आहे. नाही तर पडद्यावर उजेड थरथरतो. ही शास्त्रीय बाजू कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही समजू शकते, कारण तिला मोठ्या गणितापेक्षा नीट निरीक्षणाची गरज अधिक आहे.

रुई की चेहरा?

आता आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. खामगावची कापसाची बाजारपेठ एकेकाळी वऱ्हाडातील अग्रगण्य बाजारपेठांपैकी एक होती. या कापसासाठीच जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० साली तो सुरू झाला. जिनिंग-प्रेसिंग हा आजही आपल्या भागाचा ओळखीचा उद्योग आहे. समजा, अशा एका जिनाचा माहितीपट करावयाचा आहे.

आत अंधारलेले शेड, हवेत तरंगणारा कापसाचा बारीक तंतू, पांढऱ्याशुभ्र रुईचे ढीग आणि रेच्याजवळ कापूस टाकणाऱ्या बाया. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोर जे असेल ते मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. रुईवर धरला तर तो शुभ्र रुईला करडी करून टाकतो. म्हणून छायालेखकाला आपल्या बुद्धीने भिंगाचे छिद्र अधिक उघडावे लागते. पण खरी अडचण पुढेच आहे. रुई पांढरी आणि तिच्याशेजारी उन्हाने रापलेला चेहरा. रुईचा प्रत्येक तंतू स्पष्ट यावा म्हणून प्रकाश बेतला तर चेहरा काळा पडतो. चेहऱ्यासाठी बेतला तर रुईचा नुसता पांढरा गोळा होतो. दोन्ही हवे असतील तर पांढरे कापड किंवा थर्माकोलचा पत्रा धरून उजेड चेहऱ्यावर परतवावा लागतो, दाराकडून ऊन येण्याची वेळ साधावी लागते, कॅमेरा बाजूला सरकवून त्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा लागतो. याला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास कोणासाठी खर्च करायचा, हे छायालेखक ठरवतो. वरवर पाहता हा प्रकाशाचा प्रश्न आहे. खोल पाहिले तर तो माणसाच्या किमतीचा प्रश्न आहे.

हे मी केवळ पुस्तकी म्हणून लिहीत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी आई कापसाच्या हंगामात जिनात कामाला जाते. गेल्या वर्षी एका जिनाची चित्रफीत आमच्या वस्तीत मोबाईलवर फिरत होती. त्यात फाटक होते, वरून घेतलेले आवाराचे दृश्य होते, गाठींची चळत होती, भाषणे होती. रेच्याजवळच्या बाया क्षणभर आल्या, त्याही पाठमोऱ्या. आईने ती लक्षपूर्वक पाहिली आणि एवढेच म्हणाली, “जागा दिसली वं, काम नाई दिसलं.” छायालेखनावरची इतकी नेमकी टीका मला अन्यत्र वाचावयास मिळालेली नाही.

काम दिसण्यासाठी तीन गोष्टी लागतात, असे मला वाटते. पहिली म्हणजे अंतर. दुरून घेतलेल्या दृश्यात शेड किती मोठे ते कळते, हातांची चपळाई कळत नाही. दुसरी म्हणजे काळ. कापसाचा मूठभर पुंजका उचलणे, त्यातील कवडी कापूस आणि कचरा वेगळा काढणे आणि उरलेला रेच्यात सारणे, ही एक पूर्ण क्रिया आहे. ती अर्ध्यावर तोडली तर प्रेक्षकाला हालचाल दिसते, कौशल्य दिसत नाही. तिसरी म्हणजे समज. कोणत्या क्षणी काम अवघड होते, पट्ट्याजवळ पदर का खोचून घ्यावा लागतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा कॅमेरा योग्य क्षणी योग्य जागी असणारच नाही.

थोरांची उदाहरणे

मोठ्या छायालेखकांनी उद्योगाला कमी लेखले नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यावर हरिसाधन दासगुप्ता यांनी ‘द स्टोरी ऑफ स्टील’ हा माहितीपट केला. त्याची संहिता सत्यजित राय यांची, संगीत पंडित रविशंकर यांचे आणि छायालेखन क्लोद रन्वार यांचे. हे रन्वार म्हणजे प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार ऑग्युस्त रन्वार यांचे नातू. चित्रकाराच्या घराण्यातील माणसाला भट्टीच्या ज्वाळांत आणि घामेजलेल्या कामगारांत चित्र दिसावे, ही गोष्ट बोलकी आहे.

दुसरे उदाहरण १९७६ च्या ‘मंथन’चे. हा कथापट असला तरी त्याच्यामागे एक संस्था होती. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख रुपये उभे राहिले. दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची आणि छायालेखन गोविंद निहलानी यांचे. सहकारी दूध चळवळीची ही कहाणी सांगताना गावातील जातीची उतरंड आणि सावकारी डेअरी यांवर पांघरूण घातले गेले नाही. म्हणूनच तिच्यावर लोकांचा विश्वास बसला. निव्वळ स्तुती करणारा पट एवढी वर्षे टिकला असता काय?

तळेगावचा एकेक पैसा आणि गुजरातचे दोन रुपये यांच्यात मला एक नाते दिसते. दोन्ही ठिकाणी पडद्यावर जे आले ते सामान्यांच्या कष्टाचे होते आणि त्यामागचा पैसाही सामान्यांचा होता. आपल्या जिल्ह्यातील सहकारी संस्था, पतसंस्था, खरेदी-विक्री संघ यांचे भांडवल असेच भागधारकांच्या आणि ठेवीदारांच्या खिशातून आलेले असते. त्यांच्या माहितीपटावर जो खर्च होतो तो त्याच पैशातून. मग त्या पटात ते लोक चेहऱ्यासह का दिसू नयेत?

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल की, छायालेखक हा पैसे घेऊन काम करणारा माणूस. जो पैसे देतो त्याच्या मर्जीप्रमाणे त्याने वागावे. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. संहिता बदलण्याचा अधिकार छायालेखकाला नसतो आणि अखेरची कात्री संकलकाच्या हाती असते. परंतु जे टिपलेच नाही ते कोणत्याही संकलकाला जोडता येत नाही. सांगितलेली दृश्ये पुरी करून कामाची चार चांगली दृश्ये अधिक आणणे हे त्याच्या हाती असते. शिवाय त्यात संस्थेचाही लाभच आहे. रुई विकत घेणाऱ्या गिरणीला अध्यक्षांच्या भाषणापेक्षा कचरा वेचून काढणारे हात पाहून मालाची अधिक खात्री पटेल. फाळक्यांचा वाटाणा आपल्याला हेच शिकवतो.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. ज्याचा चेहरा घ्यायचा त्याला आधी विचारावे. माणूस कामावर आहे म्हणून त्याचा चेहरा संस्थेच्या मालकीचा होत नाही. दारिद्र्याचे प्रदर्शन मांडणे हेही कामाचे दर्शन नव्हे. जिनातल्या बाईला दया नको असते; तिचे काम तिला साजेल अशा रीतीने दिसावे, एवढीच तिची अपेक्षा असते.

उपसंहार

सारांश, उद्योगपटातील छायालेखक हा संस्था आणि प्रेक्षक यांच्यामधील साक्षीदार होय. प्रकाश, भिंग आणि चौकट ही त्याची साधने; कामाची ओळख आणि काम करणाऱ्याविषयी आदर ही त्याची खरी पूंजी.

विद्यार्थी मित्रांनो, या क्षेत्राचा विचार आपणही करावयास हरकत नाही. १९६० साली पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात सुरू झालेल्या चित्रपट संस्थेत छायालेखनाचा अभ्यासक्रम आहे आणि कोणत्याही शाखेचा पदवीधर त्याच्या प्रवेश परीक्षेस बसू शकतो. परंतु तेथे जाण्याआधीही आरंभ करता येतो. आपल्या गावात लोहाराची भट्टी आहे, दूध संकलन केंद्र आहे, बाजार समितीत मापारी आणि हमाल आहेत. त्यांच्याजवळ कॅमेऱ्याशिवाय तासभर बसावे. कोणते काम कोणत्या क्षणी अवघड होते आणि त्या क्षणी उजेड कोठून येतो, ते वहीत लिहावे. अशी दहा पाने ज्याने भरली त्याच्या हाती उद्या कॅमेरा आला, तर तो कोठे ठेवायचा हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.