पायाखालचं आधी बघ

लेकरा, संभाजीनगरातलं पुंडलिकनगर सोडून तू राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चाललास, जैतापूर अणुप्रकल्पाच्या जागेच्या पाहणीला. सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १,७३० मेगावॅट, हे तुला तोंडपाठ आहे; मी आपलं पायाखालचं सांगतो.

१. पहिल्या दिवशी यंत्रं गाडीतच राहू दे, मजुरांना सोबत घेऊन सगळी जागा चालून ये आणि धोक्यांची यादी तिथंच लिही – ऑफिसात केलेल्या यादीत विंचू नसतो. जागा आधी पायानं वाचावी, मग नकाशानं.

२. प्रत्येक धोक्यापुढं लिही: किती वेळा घडेल, घडलं तर किती इजा होईल, आणि बंदोबस्त कोण करणार – सगळ्यांच्या गळ्यातली शिट्टी कुणीच वाजवत नाही.

३. किरणोत्साराच्या धाकात बाकीचं विसरू नको – पाहणीच्या वेळी तिथं ना भट्टी असते ना इंधन. मात्र मातीची घनता मोजायच्या काही यंत्रांत सिझियम-१३७ असतं. ते यंत्र कुलपात ठेव, शिकलेल्या माणसाच्याच हाती दे, आणि त्याच्या छातीवर किरणोत्सार मोजणारा टीएलडी बिल्ला आहे का बघ. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३०. पण बिल्ला पेटीत राहिला तर माणसाला किती लागलं ते कुणालाच कळणार नाही.

४. खरी भीती फुरशाची, त्या विषारी सापाची. जांभ्याच्या दगडाखाली बसतं, हातभर लांब, दगडाच्याच रंगाचं. म्हणून गमबूट घाल, काठी पुढं ठेव, दगड हातानं उलटू नको. चावलंच तर हातपाय हलवू देऊ नका, दोरी आवळू नका, चिरा तर मुळीच देऊ नका – त्या विषानं रक्त गोठत नाही, मग चिरेतून ते वाहतच राहतं. मांत्रिकाकडं जाण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

५. तहान लागायची वाट न बघता सगळ्यांना पाणी पाज, दुपारी सावलीत बसव – आपल्या संभाजीनगरात घाम वाळतो, कोकणच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही.

६. ड्रिलिंगच्या फिरत्या रॉडजवळ सैल बाही, गमछा, सुती हातमोजे नकोत – कापड आधी गुंडाळतं, हात मागून जातो. काम संपलं की भोकावर झाकण घाल. गुरंही तिथंच चरतात.

७. ढग गडगडला की ड्रिलिंगच्या टॉवरपासून लांब, बंद गाडीत बसा – उघड्या सड्यावर सगळ्यात उंच तोच असतो.

८. समुद्राची खोली मोजायला होडीत चढताना पोहणाऱ्यानंही लाइफ जॅकेट घालावं – बेशुद्ध माणसाला पोहता येत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. कोळी ज्या दिवसांत नांगर टाकून बसतो, त्या दिवसांत तू धाडस करू नको.

९. गावात सांगितल्याशिवाय खुंटी ठोकू नको. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे इथं प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार गेला. ते दुःख लोकांच्या मनात आहे, आणि न विचारता शिरलेल्या पाहणीचा राग बिचाऱ्या मजुरावर निघतो. विचारतील ते खरं सांग, आवाज खाली ठेव.

१०. निघण्याआधी एवढं कर: सर्पदंशावरचं प्रतिविष किती आहे ते राजापूरच्या ग्रामीण रुग्णालयात विचारून ठेव, आणि सड्यावर फोनला रेंज कुठं मिळते ते पहिल्याच दिवशी प्रत्येक मजुराला दाखव.