संदर्भसूचीचं पान

पालकहो,

बारावीच्या पर्यावरण प्रकल्पाच्या वह्या तपासायला आल्या, की स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर गठ्ठे लागतात. प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, सगळं क्रमानं. अक्षर सुरेख, समास आखलेले. पण वाचायला घेतलं की जीव तुटतो. ‘आम्ही प्रत्यक्ष भेट देऊन पाण्याचे नमुने गोळा केले’ हे वाक्य एकामागून एक वह्यांत जसंच्या तसं येतं. ऋणनिर्देशात भलत्याच कॉलेजच्या सरांचे आभार मानलेले असतात.

आमच्या कराडात कोयना कृष्णेला मिळते. त्या प्रीतिसंगमाजवळ राहणाऱ्या एका मुलाच्या वहीत मुंबईच्या मिठी नदीची निरीक्षणं होती. मिठी त्यानं पाहिलेलीसुद्धा नाही. मी त्याला जवळ बसवून विचारलं, “गणपती विसर्जनानंतर आपल्या घाटावर काय दिसतं रे?” तर तो बोलतच सुटला. निर्माल्य कुठल्या पायरीशी साठतं, प्लॅस्टिकच्या पिशव्या कुठे अडकतात, वास किती दिवस येतो, सगळं त्याला माहीत होतं. प्रकल्प त्याच्या डोक्यात तयारच होता, वहीत मात्र उतरला नव्हता. “बाबांना ग्रुपवर पीडीएफ मिळाली, आईनं लिहून दिलं,” तो म्हणाला.

तुमची ओढाताण मला कळते. सीईटीचा क्लास, नीटच्या टेस्ट, त्यात ही वही. लेकराचे दोन तास वाचावेत म्हणून तुम्ही रात्री जागून लिहिता. त्यामागे माया आहे, पण त्यातून मूल काय उचलतं ते पाहा. ‘माझं स्वतःचं चार ओळींचं लिखाण घरच्यांनाही पुरेसं वाटत नाही,’ हे त्याच्या मनात बसतं. मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

पुढे ही उतरवून काढायची सवय महागात पडते. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार पीएचडीच्या प्रबंधात दुसऱ्यांच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत गेलं तर सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, साठपर्यंत गेलं तर वर्षभर सुधारलेला प्रबंध सादरही करता येत नाही आणि साठच्या वर नोंदणीच रद्द होते. शिवाय प्रबंध आता ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुले असतात. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांच्या प्रबंधातली उचलेगिरी 2011 मध्ये उघड झाली, तेव्हा डॉक्टरेटही गेली आणि मंत्रिपदही.

दुसऱ्याचं वाचावं, त्यातलं घ्यावंही. सगळी विद्या तशीच वाढली आहे. फक्त ज्याचं घेतलं त्याचं नाव लिहायचं. लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पान. संकेतस्थळ असेल तर पत्ता आणि पाहिल्याची तारीख. चॅटजीपीटीला विचारलं असेल तर तेही स्पष्ट लिहायचं, आणि त्यानं दिलेली माहिती पुस्तकात पडताळून पाहायची. बहुतेक वह्यांत संदर्भसूचीच्या पानावर नुसतं ‘इंटरनेट’ लिहिलेलं असतं. तेवढं पुरत नाही. मुलाला सांगा, उतारा वाच, पुस्तक मीट आणि मग तुझ्या शब्दांत लिही. शब्दशः घ्यायचं असेल तर अवतरणचिन्हात घाल. पहिल्यांदा वाक्यं वेडीवाकडी होतील. होऊ द्या, ती सुधारायला आम्ही शिक्षक आहोत. आणि प्रकल्प तपासताना जाडीला आणि सजावटीला मार्क देणं आम्ही शिक्षकांनीही थांबवलं पाहिजे.

तेव्हा पुढचा प्रकल्प आला की पेन मुलाच्याच हातात राहू द्या. तुम्ही शेजारी बसा, त्याला घाटावर, ओढ्यावर, कचरा डेपोवर घेऊन जा, आणि प्रत्येक पानाला एकच विचारा, “हे तुला कुठून कळलं?” तो जे उत्तर देईल, ते त्याला संदर्भसूचीत लिहायला लावा.