लग्नाचे फोटो: आधी नावं, मग स्कॅनर

साहित्य: घरातले सगळे अल्बम, मऊ ब्रश, डेंटल फ्लॉस, मऊ शिसाची पेन्सिल, कागदी पाकिटं, स्कॅनर आणि नात्यातलं सर्वांत म्हातारं पण तल्लख माणूस. हे शेवटचं आधी गाठा. बाकीचं बाजारात कधीही मिळतं.

मांडवातल्या ग्रुप फोटोची मोठी झेरॉक्स काढा, प्रत्येक डोक्यावर आकडा घाला आणि आजीपुढे किंवा आत्यापुढे ठेवा. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू असू द्या. नावांबरोबर भांडणंही निघतात, तीही हवीतच. बाईचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहा. ताटातल्या तांदळांत नवं नाव लिहायच्या आपल्या रीतीमुळे माहेरच्या अल्बममधली एक आणि सासरच्या अल्बममधली दुसरी, अशा दोन बायका यादीत येतात, असते एकच.

तारखेसाठी लग्नपत्रिका शोधा. नुसता शक असेल तर त्यात ७८ मिळवा: वैशाख शके १८८० म्हणजे १९५८. लग्न माघ-फाल्गुनातलं असेल तर मात्र ७९.

आता फोटो सोडवणं. काळ्या कागदावर कोपऱ्यांत अडकवलेले फोटो सुखात असतात, त्यांना हलवू नका. खरा शत्रू चिकट पानांचा, वर प्लॅस्टिक असलेला अल्बम. फोटोखालून फ्लॉस करवतीसारखा हळूहळू ओढा. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर ओढूच नका, काचेसकट स्कॅन करा. धूळ कोरड्या ब्रशनेच. ओलं फडकं नको.

स्कॅन ६०० डीपीआयवर. चार बाय सहा इंचांचा फोटो मग दुप्पट आकारातही नीट छापता येतो. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, नातेवाइकांना जेपेग द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर फोटो बारीक होऊन पोचतो. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.

जुन्या १२० रोलवर मोठे चौकोनी फोटो बाराच निघत, त्यामुळे एकेक जपून काढलेला. भाच्याच्या लग्नाचे दीड हजार आहेत! त्यातले चाळीस निवडून छापा. निवड नवरा-नवरीवर सोडू नका, म्हातारी माणसं गळतात.

ठेवताना प्रत्येक फोटो कागदी पाकिटात. मजकूर पाकीट रिकामं असतानाच लिहा. फोटोच्या पाठीवर बॉलपेन दाबलं की पुढे वळ उठतो. डबा माळ्यावर नको, तिथे उन्हाळा तापतो. पावसात ओल धरणाऱ्या भिंतीच्या कपाटातही नको. सिलिका जेलच्या पुड्या चालतील, डांबरगोळ्या नाहीत. हे सगळं श्रावणात काढू नका, थंडीत बसा.

रंग भरणारं अ‍ॅप वापरायचं तर प्रतीवर वापरा. आमच्या आजीचा शालू अ‍ॅपने जांभळा केला. तिने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, “हिरवा होता गं, आणि उसना आणलेला.” तेही पाकिटावर लिहून ठेवलं.