केबल गेली, टीव्ही राहिला

मे 2023 मध्ये आम्ही घरची केबल बंद केली. पाच तारखेला पावतीपुस्तक काखेत मारून येणाऱ्या पोराला मी दारातच सांगितलं, "या महिन्यापासून नको." त्याने पेन पुन्हा खिशाला अडकवलं आणि म्हणाला, "बघा हां काकू, आज्जी ओरडतील." आज्जी म्हणजे माझ्या सासूबाई, वय 79. त्या आतून ऐकत होत्या. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मग साडेआठला काय करायचं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात दोन वर्षं गेली. त्यात जे कळलं ते लिहून ठेवते. तुमच्या घरातही केबल तोडायचं चाललं असेल तर मुलगा नाहीतर जावई काय म्हणतो ते ऐकाच, पण हेही वाचा.

1. आधी बिल वाचा.

मी शाळेत गणित शिकवते, तरी इतकी वर्षं केबलचं बिल कधी वाचलं नव्हतं. पैसे द्यायचे, पावती कालनिर्णयच्या मागे खोचायची, झालं. 1 फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामक 'ट्राय'चा नियम आला, की ज्या वाहिन्या हव्यात त्यांचेच पैसे द्या. ऐकायला छान. पण त्याआधी पायाभूत आकार 130 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. हे वायर घरात आल्याचे आणि फुकट वाहिन्यांचे. मालिका, सिनेमे, खेळ यांचे वेगळे. एकेक वाहिनी निवडायचा हक्क आपल्याला होता, पण केबलवाला "मराठी पॅक घ्या" म्हणायचा आणि आपण घ्यायचो. आमचं बिल 380 वर गेलं होतं. शेवटच्या महिन्यात मी कागद-पेन घेऊन बसले आणि घरात खरोखर लागणाऱ्या वाहिन्या मोजल्या. अकरा भरल्या.

2. पैसे वाचतील म्हणून तोडू नका.

मुलगा पुण्याला नोकरीला. केबल तोडायचा हट्ट त्याचाच. "आई, नेट घे, दोन ॲप घे, पैसे वाचतील." नेटचे 499, जीएसटीसह 589. दोन ॲपचे वर्षाचे 2,200, म्हणजे महिन्याला 183. बेरीज 772. पूर्वी 380. वजाबाकी तुम्हीच करा. नेट तर तसंही लागणारच होतं, असं मुलाचं म्हणणं. लागणारच होतं, हे खरंही आहे. पण मग बचतीची भाषा नको.

आणि हे नेट आणलं कुणी? जुलैत दार वाजलं. तोच पोरगा, हातात पिवळ्या वायरचं भेंडोळं. "आलो परत, काकू." गावोगावचे केबलवाले आता इंटरनेट देतात. जुन्या वायरच्याच खिळ्यांवरून नवी फायबर आत आली, पावतीपुस्तक मात्र तेच राहिलं.

3. छत्री लावायची तर आग्नेय कुठे ते पाहा.

आमच्याकडे दोन टीव्ही. हॉलातला नेटवर चालणारा आणि सासूबाईंच्या खोलीतला जुना. जुन्यासाठी आम्ही डीडी फ्री डिश घेतली. डिसेंबर 2004 मध्ये ही सेवा 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. हिला महिन्याचं बिल नाही. डिश, बॉक्स, वायर आणि बसवणावळ मिळून आम्हाला 1,700 रुपये पडले, ते एकदाच.

ज्या उपग्रहावरून हे चित्र येतं तो जीसॅट-15, पूर्व रेखांश 93.5 अंशावर उभा. आपण 74 अंशांच्या आसपास, त्यामुळे साताऱ्यातून छत्रीचं तोंड आग्नेयेला लागतं. वास्तुशास्त्रात आग्नेय म्हणजे अग्नीची, स्वयंपाकघराची दिशा, आणि आमचं स्वयंपाकघर नेमकं तिथेच आहे. त्यामुळे छत्री बसली माझ्या कपडे वाळत घालायच्या गॅलरीत. ओली चादर तिच्यापुढे आली की सासूबाईंची सह्याद्री वाहिनी जाते, आणि मला हाक येते.

अजिंक्यतारा आडवा येईल अशी मला भीती होती. बसवणारा हसला. उपग्रह क्षितिजापासून साठ अंशांच्या घरात वर आहे, किल्ल्याच्या कितीतरी वर. मग छत्री इतकी सरळ का? सासूबाईंचंही म्हणणं होतं, की ही तर समोरच्यांच्या खिडकीकडे बघतेय. तर या छत्र्यांचा आकारच असा असतो, की दिसतात सरळ उभ्या, पण झेलतात वरचं. पुढचा दांडा मध्यावर नसून खालून निघतो तो त्यासाठीच. हे मी नंतर वर्गात कोन शिकवताना वापरलं.

दोन गोष्टी गृहीत धरून चला. जुलैतल्या मोठ्या सरीत चित्र अडखळतं, कारण पावसाचं पाणी उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी शोषून घेतं. पैसे भरून घेतलेल्या डिशचंही तेच. दुसरं, फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात, म्हणून वाहिन्या येतात आणि जातात. सह्याद्री कायम, बातम्या भरपूर, जुने सिनेमे भरपूर. पण आपल्याकडे संध्याकाळी ज्या मालिका घरोघर चालतात त्यांच्या मोठ्या वाहिन्या तिथे नाहीत. म्हणजे साडेआठचा प्रश्न छत्रीने सुटला नाही.

4. केबलवर काय काय होतं ते तोडल्यावर कळतं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. केबलवाल्याची स्वतःची एक गावची वाहिनी होती. आम्ही तिची टिंगल करायचो. साडीच्या दुकानाचा सेल, कुणा दादाचा वाढदिवस, गौरी-गणपतीच्या सजावटीचं हलणारं चित्रण, दुपारी कुठलातरी डब केलेला सिनेमा. खाली एक पट्टी सरकायची. त्या पट्टीत नगरपालिकेचं 'उद्या पाणी येणार नाही' असायचं. आणि 'श्रद्धांजली' असायचं.

सासूबाई टीव्ही पाहायच्या त्यातला बराचसा वेळ त्या पट्टीसाठी होता, हे मला केबल गेल्यावर कळलं. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर जाणं थांबलेलं. त्यांच्या वयाचं कोण राहिलं, कोण गेलं हे त्यांना तिथूनच कळायचं. केबल तोडून तीन महिने झाले असतील. राजवाड्याकडची त्यांची एक मैत्रीण गेली आणि आम्हाला दहाव्यानंतर कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "पट्टीवर आलं असेल." माझ्या सगळ्या हिशेबात ही रक्कम धरलेली नव्हती.

आता मी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. रोज सकाळी शुभप्रभातच्या गुलाबांतून पाण्याची आणि माणसांची बातमी वेचते आणि त्यांना वाचून दाखवते. तेवढ्यासाठी मी तो ग्रुप सोडलेला नाही.

5. क्रिकेट ॲपवर बघणार असाल तर खिडक्या लावून घ्या.

29 जून 2024. बार्बाडोसला टी-20 विश्वचषकाची फायनल. शेवटची ओव्हर, दक्षिण आफ्रिकेला 16 हव्यात. आमच्या टीव्हीवर हार्दिक पांड्या अजून रनअपच्या टोकाशी उभा, आणि खालच्या मजल्यावर एकदम किंचाळ्या. त्यांच्याकडे केबल. आम्ही सोफ्यावर गप्प. अर्ध्या मिनिटाने सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला तेव्हा आमच्याकडे कुणी ओरडलं नाही. ह्यांनी नुसती मान हलवली, परीक्षेचा पेपर फुटल्यासारखी. पुढे भारत 7 धावांनी जिंकला तेही आम्हाला खालूनच कळलं.

कारण साधं आहे. उपग्रह 36,000 किलोमीटरवर असला तरी लहरींना वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. नेटवर चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते सर्व्हरवर ठेवतात, आणि आपला टीव्ही अडखळायला नको म्हणून चार तुकडे साठवून मगच दाखवायला लागतो. उशीर होतो तो या साठवणीत.

खरी चिडचिड दुसऱ्या दिवशी. मुलाचा फोन आला, "अगं, आजीच्या टीव्हीवर डीडी स्पोर्ट्स नाही का लावलं?" 2007 च्या कायद्याने महत्त्वाच्या मॅचचं चित्र खासगी वाहिनीला दूरदर्शन आणि फ्री डिश चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ते फुकटचं चित्र खासगी केबल-डीटीएचवर जाणार नाही. म्हणजे केबल असताना डीडी स्पोर्ट्सवर जी मॅच दिसली नसती, ती आता आमच्याच गॅलरीतल्या छत्रीवरून आतल्या खोलीत येत होती, फुकट. सासूबाई त्या वेळी तिथे कीर्तन ऐकत होत्या.

6. बातम्यांसाठी केबल ठेवू नका.

मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात. 23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचा निकाल आम्ही दिवसभर तिथेच पाहिला. आरडाओरडा तेवढाच.

7. मोबाइलच्या नेटवर टीव्ही चालवू नका.

चांगल्या दर्जाचं चित्र तासाला 3 जीबीपर्यंत खातं. दिवसाचे दीड जीबी अर्ध्या तासात संपतात, आणि ते नेमके मालिकेत थप्पड बसायच्या आधी संपतात.

8. साप्ताहिकी तुम्हालाच करावी लागते.

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. माझ्या लहानपणी तीच एक वाहिनी आणि तिच्यावर 'साप्ताहिकी' नावाचा कार्यक्रम लागायचा. पुढच्या आठवड्यात काय काय लागणार एवढंच त्यात सांगायचे, आणि आम्ही तोही मन लावून पाहायचो. आता अख्खी गोदामं उघडी आहेत आणि रात्री जेवून बसलं की ह्यांचं सुरू, "काय बघायचं?" वीस मिनिटं नुसती चित्रं सरकतात, मग त्यांना झोप येते. केबलवर हे नव्हतं. अर्धा झालेला सिनेमा लागलेला असायचा आणि आपण तो पाहायचो. 'अशी ही बनवाबनवी' मी पहिल्यापासून फारतर दोनदा पाहिला असेन, मधूनच वीसेक वेळा.

यावर माझा इलाज असा, की रविवारी बसून आठवड्याचं ठरवायचं आणि कालनिर्णयच्या चौकटीत लिहून टाकायचं. बुधवारी नाटक, शनिवारी सिनेमा. हे हसले. पण बुधवारी जेवल्यावर चौकट वाचायला जातात तेच.

9. रिमोट कुणाच्या हातात राहणार ते आधी ठरवा.

हा मुद्दा खरं तर पहिला असायला हवा होता.

सासूबाईंची साडेआठची मालिका, त्या वेळी 'ठरलं तर मग', पाहून झाली की नऊला वाईला फोन जायचा, धाकट्या बहिणीला. दोघी एकच भाग पाहून त्यावर बोलायच्या, म्हणजे सुनांवर बोलायच्या, मालिकेतल्या आणि बाहेरच्याही. मुलाने दिलेलं उत्तर सोपं होतं, "आजी, ॲपवर कधीही बघ." पण कधीही बघितलेल्या भागाचा नऊच्या फोनला उपयोग नाही. मला पेपर तपासून उठायला दहा व्हायचे, मग मी ॲप उघडून द्यायची. तोवर वाईच्या मावशींनी फोन करून सगळं सांगून टाकलेलं.

केबलचा रिमोट म्हणजे लाल बटण आणि वाहिनीचा नंबर. तो त्यांच्या बोटांना पाठ होता. नव्या टीव्हीत आधी घराचं चित्र, मग ॲप, मग 'कोण पाहतंय?', मग शोध. महिन्यातून एकदा ॲप आपणहून बाहेर पडणार आणि ओटीपी मागणार, जो पुण्याला मुलाच्या मोबाइलवर जाणार, आणि मुलगा मीटिंगमध्ये असणार. मी बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. बोलून लावायचंही शिकवलं. त्यांनी रिमोट तोंडाशी धरून अदबीने सांगितलं, "बाबामहाराज सातारकर लावा." टीव्हीने कास पठारावरची फुलं दाखवली. त्यांनी ती पाहिली, आणि रिमोट माझ्याकडे दिला तो आजतागायत माझ्याकडे आहे.

केबल असताना टीव्ही लावणं हे घरात कुणाचं काम नव्हतं. आता आहे, आणि ते कुणाच्या वाट्याला येतं ते सांगायला नको. मुलगा सल्ला देऊन पुण्याला गेला, हे चौकट वाचतात. मी मोबाइलवर 8 वाजून 25 मिनिटांचा गजर लावला आहे. तो वाजला की पोळी तव्यावर असली तर उतरवायची, हात पुसायचे, हॉलात जायचं, ॲप उघडायचं, भाग लावायचा, परत यायचं. नऊला फोन वेळेवर जातो.

गेल्या महिन्यात वाईच्या मावशींकडेही केबल तोडली. त्यांच्या सुनेचा मला मेसेज आला, "वहिनी, तुम्ही साडेआठला कसं जमवता?" मी तिला गजराची वेळ कळवली.