गणित सोडायची एवढी घाई कशाला?

दहावीचा निकाल लागला की समुपदेशकांचे फोन तापतात. प्रश्न ठरलेला: "मुलीला नीट द्यायचीय, गणित सोडलं तर चालेल ना?" विचारतात आईबाबा. मुलगी शेजारी बसून मोबाइलच्या कव्हरचा कोपरा सोलत असते.

२०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशभरात लाखाच्या थोड्याच वर होत्या, म्हणजे साधारण वीस मुलांमागे एक. उरलेल्या एकोणीस जणांसाठी नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी आहे. त्यांची माहितीपत्रकं कुठल्याही करिअर मेळाव्यात मिळतात. ज्या कामाचं माहितीपत्रक कुणी छापत नाही, ते जीवसंख्याशास्त्राचं, म्हणजे आजारांच्या आकडेवारीचं काम मात्र एका उदाहरणातून समजून घ्यायला हवं.

मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरला की बहुतेकदा यकृत गाठतो, कारण आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून थेट तिथेच जातं. यकृतातल्या गाठी शस्त्रक्रियेने काढल्यावर काही रुग्ण वर्षानुवर्षं जगतात, काहींचा आजार वर्षभरात उलटतो. कोणाचं काय होणार, हे आधी कसं ओळखायचं? १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधले शल्यविशारद युमन फाँग आणि सहकाऱ्यांनी १००१ रुग्णांचा हिशेब मांडला. पाच वर्षं जगलेले ३७ टक्के निघाले. त्यावरून त्यांनी पाच निकषांचा गुणांक बनवला: गाठी किती, केवढ्या, वगैरे. त्यात प्रथिन एकच, रक्तातलं सीईए. ते मॉन्ट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्येच शोधलं होतं. की-६७, पी५३ अशी कितीतरी प्रथिनं पुढे तपासली गेली, पण या आजारात जगण्याचा अंदाज बांधायला सीईएइतकं रुळलेलं प्रथिन दुसरं नाही.

असं का, याचं अर्धं उत्तर प्रयोगशाळेत दिसतं. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या गाठीची तीन-चार मायक्रॉन जाडीची चकती मायक्रोटोमवर कापतात. ती कोमट पाण्यावर तरंगते आणि काचपट्टीने अलगद उचलावी लागते. हात हलला की सुरकुती पडलीच. मग अँटिबॉडी घालायची. हवं ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो, बाकी पेशींची केंद्रकं निळी. टिश्यू मायक्रोअ‍ॅरेमध्ये तर ०.६ मिलिमीटर व्यासाचे ठिपके मांडून शेकडो नमुने एकाच काचेवर बसतात.

इथपर्यंत बायोलॉजी पुरते. पुढे घोडं पेंड खातं. शंभर रुग्णांमध्ये वीस प्रथिनं तपासली आणि पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली, तर एकाही प्रथिनाचा जगण्याशी संबंध नसला तरी सरासरी एक 'महत्त्वाचं' ठरतं, निव्वळ योगायोगाने. मग शोधनिबंध छापून येतो आणि दुसऱ्या रुग्णालयातल्या रुग्णांवर तेच प्रथिन फुस्स होतं. ही फसगत ओळखायला कॅप्लन-मायरचा पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा आलेख वाचता यावा लागतो, १९७२ चं कॉक्सचं समीकरण पेलावं लागतं. म्हणजे तेच गणित, जे अकरावीत 'ओझं' म्हणून खाली उतरवलं गेलं.

आणि उतरवलं कोणी? बहुतेक घरांत मुलांनी नाही. गणित आवडणाऱ्या मुलीला बायोलॉजीच्या क्लासला जुंपायचं, दोनदा रिपीट करायला लावायचं आणि शेवटी 'हिला झेपलं नाही' म्हणून पाहुण्यांना सांगायचं, याला मार्गदर्शन म्हणत नाहीत. ही जबरदस्ती आहे, आणि तिची किंमत आईबाबा मोजत नाहीत.

जीवसंख्याशास्त्रात सगळं गुलाबी आहे असंही नाही. संशोधन प्रकल्पांतल्या नोकऱ्या बऱ्याचदा कंत्राटी असतात आणि पीएच.डी.त पाचेक वर्षं जातात. पण यासाठी परदेशच गाठावा लागतो असं नाही. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेत जीवसंख्याशास्त्राची एम.एस्सी. होते, पवईच्या आयआयटीत प्रोटिऑमिक्सवर, म्हणजे प्रथिनांच्या अभ्यासावर काम चालतं, खारघरला टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र आहे.

बायोलॉजी आणि गणित हे दोन्ही विषय अकरावीला एकत्र घेता येतात आणि तेवढ्याने नीटचा दरवाजा बंद होत नाही. उलट संख्याशास्त्रातल्या बी.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी बारावीचं गणित लागतंच. तेव्हा विषयांच्या फॉर्मवर सही करण्याआधी पाच मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून मुलीलाच विचारा, आणि ती काय म्हणते ते मधे न बोलता ऐका.