वाच्यता करू नकोस

मनू, नव्या नोकरीसाठीच्या तुझ्या मेलचा मसुदा रात्रीच वाचला. बाकी झकास आहे, पण तिसऱ्या ओळीतलं ते 'आय कान्ट डिव्हल्ज अबाउट माय करंट प्रोजेक्ट' आधी बदल. 'अबाउट' काढून टाक. आपण गुपित फोडतो, गुपिताबद्दल फोडत नाही ना? तसंच आहे ते. नाव डिव्हल्ज करायचं, तपशील डिव्हल्ज करायचे. कुणाला, ते सांगायचं असेल तर पुढे 'टू'. एवढंच त्याचं व्याकरण.

हसले नाही गं मी. माझी फजिती तुझ्याहून मोठी होती. पहिल्या नोकरीत, भर मीटिंगमध्ये, मी रुबाबात म्हणाले, 'लेट्स नॉट डिव्हल्ज इन्टू डीटेल्स.' म्हणायचं होतं 'डेल्व्ह', म्हणजे खोलात शिरणं. साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, 'का, काही लपवायचंय का?' मला कळेना सगळे का हसतायत. घरी येऊन शब्दकोश उघडला तेव्हा कान तापले. आणि उच्चाराचं म्हणशील तर 'डिव्हल्ज' म्हण की 'डायव्हल्ज', दोन्ही चालतं. जोर फक्त 'व्हल्'वर दे.

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मागेच लागला. याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'वुल्गुस' म्हणजे सामान्य लोक, गर्दी. त्या गर्दीत एखादी गोष्ट पसरवणं म्हणजे डिव्हल्ज. 'व्हल्गर' हा याचा सख्खा भाऊ, आणि लॅटिन बायबलचं 'व्हल्गेट' हे नावही त्याच घराण्यातलं. वाचल्यावर मला आपला चव्हाटाच आठवला. चार रस्ते मिळतात तिथे नेऊन गोष्ट मांडायची! पण आता इंग्रजीतली ती गर्दी पांगली आहे. एकाच माणसाच्या कानात कुजबुजलीस तरी ते डिव्हल्जच.

मग मराठीत याला नेमकं काय म्हणायचं? मी बरीच वर्षं 'उघड करणं' म्हणत होते. ते चूक नाही, पण मला विचारशील तर याचा खरा जोडीदार 'वाच्यता करणं' हा आहे. बघ, 'वाच्यता' आपण कधी वापरतो? 'कुठे वाच्यता करू नकोस', 'त्याने कुणापाशी वाच्यता केली नाही'. जवळजवळ नेहमी नकारातच. डिव्हल्जचंही तसंच. पेपरात बघ, 'रिफ्यूज्ड टू डिव्हल्ज', 'डिड नॉट डिव्हल्ज' असंच दिसेल. सांगण्याचा शब्द, पण राबतो न सांगण्यासाठी.

आता 'रिव्हील'. त्यात लॅटिनमधला पडदा आहे, तो बाजूला सारायचा. त्याला माणूसच लागतो असं नाही. एक्स-रे हाडाची चीर रिव्हील करतो, डिव्हल्ज करत नाही. डिव्हल्ज करायला तोंड लागतं, आणि बहुतेक वेळा त्या तोंडावर कुणीतरी भरवसा टाकलेला असतो. गंमत म्हणजे आपल्या मंत्र्यांच्या गोपनीयतेच्या शपथेत, इंग्रजी मसुद्यात, 'कम्युनिकेट ऑर रिव्हील' असे शब्द आहेत. तिथे डिव्हल्ज शोभला असता असं मला आपलं वाटतं.

'डिस्क्लोज' मात्र कागदावरचा, कर्तव्याचा शब्द. विम्याच्या फॉर्मात मधुमेह डिस्क्लोज करायचा असतो. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या इंग्रजी मजकुरात 'डिस्क्लोजर' जागोजागी भेटतो. तुला नाम हवं असेल तर तेच घे. 'डिव्हल्जन्स' कोशात आहे, तिथेच राहू दे.

म्हणजे तुझ्या मेलमध्ये काय करायचं? प्रोजेक्टची माहिती तुझी नाही, कंपनीने विश्वासाने दिलीय. तिथे 'डिव्हल्ज' अगदी चपखल. पण खाली पगाराबद्दलही तू तोच शब्द घातलायस. चूक नाही, पण पगार तुझा, तुझ्या घामाचा. उगाच चोरीचा माल दडवल्यासारखं वाटतं. तिथे साधं 'शेअर' लिही. आणि एका मेलमध्ये दोनदा डिव्हल्ज वाचला की समोरच्याला वाटणार, ही बाई हेरखात्यातून आली की काय.

बरं, आता राग मानू नकोस. बेंगळुरूच्या या नोकरीचं ठरेपर्यंत आईला सांगू नको म्हणाली होतीस. काल ती फोनवर म्हणाली, 'मनू हल्ली गप्प गप्प असते, कुणाशी भांडली का गं?' आवाज इतका बारीक झाला होता तिचा, की मला राहवलं नाही. रिव्हील नाही, डिस्क्लोज नाही, मी सरळ डिव्हल्ज केलं. तिने बाबांना अजून सांगितलेलं नाही, असं ती म्हणते. पण सकाळी बाबांनी मला बेंगळुरूला थंडी किती असते ते विचारलं.